आधी भुईला डोकं

म्हाळूला पाण्याची भीती वाटते, हे वडगाव रासाईत लहान पोरांनाही ठाऊक होतं. गाव भीमेच्या काठी. उन्हाळ्यात पोरं कमरेला वाळका भोपळा बांधून नदीत उड्या टाकायची, तेव्हा म्हाळू काठावर त्यांच्या कपड्यांची राखण करत बसायचा. पुढे पाबळच्या तंत्रशाळेत जाऊन तो वेल्डिंग शिकला, गोबरगॅसचे प्लँट बसवायला शिकला, शिरूर तालुक्यात त्याच्या हाताला नाव मिळालं. पण पोहायला काही तो शिकला नाही.

ही भीती त्याला घरातूनच मिळाली होती. त्याचा बाप दगडोबा तरुणपणी मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की घाट उतरून कळप कोकणात न्यायचा. एका वर्षी त्याने खाडीलगतच्या कोरड्या पट्टीवर मेंढरं बसवली आणि माणसं घोंगड्या पांघरून झोपली. पहाटे भरती आली. दगडोबाला जाग आली तेव्हा मेंढरं अंधारात ओरडत होती आणि त्याच्या पाठीखाली पाणी होतं. अर्धा कळप गेला. उरलेला विकून त्याने शेती धरली, ती कायमची.

"नदी समोरनं येती," तो म्हाळूला सांगायचा. "समुद्र मागनं येतो. माणूस निवांत झाला की येतो."

अशा घरातला पोरगा शिडाच्या बोटीवर राहायला गेला, त्याला कारण बापूसाहेब.

बापूसाहेब म्हणजे पाटसकडच्या साखर कारखान्यात आयुष्यभर बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले इंजिनिअर. नाकात तपकीर, डोक्यावर जुनी हॅट. न्हावरा फाट्याजवळ पत्र्याची मोठी शेड घालून त्यांनी त्यात पोलादी बोट बांधायला काढली. समुद्र ओलांडू शकेल अशी, दोन माणसांनी महिनोन् महिने आत राहावं अशी. समुद्र तिथून दोन डोंगररांगा पलीकडे. एसटीतली माणसं खिडकीतून डोकी काढून विचारायची, "काय हो, भीमेला एवढा पूर येणार हाय का?" बापूसाहेब हॅट उचलून म्हणायचे, "येणार! तुमचं तिकीट काढून ठेवा."

म्हाळू तिथे रोजावर वेल्डर म्हणून लागला. चार वर्षं बोट त्याच्या हाताखालून गेली, आणि त्या चार वर्षांत त्याने आपली सगळी भीती तिच्यात जोडून टाकली. बोट कलली तर माणूस कुठे आपटेल, याचा विचार करून त्याने लाकडाचा प्रत्येक कोपरा घासून गोल केला. झोपेत कोणी पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला जाड कापडाची आड लावली, झोळीसारखी. शेगडी पाळण्यासारखी टांगली, म्हणजे बोट कशीही झुकली तरी भांडं सरळ राहील. आणि कड्या! डेकवर, जिन्यात, डोलकाठीच्या बुडाशी, जिथे जिथे त्याच्या पोटात गोळा आला तिथे तिथे त्याने कडी जोडली. कमरेच्या पट्ट्याचा आकडा त्या कड्यांत अडकवत माणसाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं, मध्ये एक क्षणही सुटं राहू नये.

"अरे, ही बोट आहे का बैलांचा गोठा?" बापूसाहेब म्हणाले.

"कडी दिसली की हाताला बरं वाटतं, साहेब."

बापूसाहेबांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. "म्हाळू, तू चल माझ्याबरोबर."

"मी? मला पवता येत न्हाई."

"म्हणूनच. शूर माणूस मला नको. शूर माणूस पट्टा लावत नाही."

एकाच गोष्टीची भीती म्हाळूला कधी वाटली नाही. चुलीची. गॅस म्हणजे त्याचा हातचा विषय. बापूसाहेबांनी सांगितलं, गॅसच्या टाकीसाठी बोटीच्या मागच्या टोकाला, डेकवर, वेगळी पेटी कर. तिला आतून कुठेही वाट नको, फक्त नळी जाईल एवढी. आणि पेटीच्या बुडाला भोक ठेव, थेट समुद्रात उघडणारं. म्हाळूने भोक ठेवलं. पावसाचं पाणी निघून जायला असणार, असं तो मनात समजला. भोक कशाला, हे त्याने विचारलं नाही आणि बापूसाहेबांनी सांगितलं नाही. गॅस वर जातो, हे तर म्हाळूला पाबळपासून पाठ होतं. गोबरगॅस गळला की वरची खिडकी उघडायची, छपराशी नाक नेऊन हुंगायचं. वास गेला की काडी ओढायची. त्याच्या घरी रंभा, त्याची बायको, गोबरगॅसवरच भाकरी थापायची. विकतच्या टाकीतला गॅस त्याने कधी वापरलाच नव्हता.

निघायच्या दिवशी रंभाने बिरोबाची तांब्याची छोटी मूर्ती फडक्यात गुंडाळून दिली, भंडाऱ्याची पुरचुंडी दिली. दगडोबाने स्वतःची घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

"दिवा लावत जा सांजचा," दगडोबा म्हणाला. "आन् आधी भुईला डोकं, मग काडी. कुठंबी असलास तरी."

"आबा, तितं भुई कुठली? खाली पाणी."

"ज्याच्यावर पाठ टेकतोस ती भुई."

गाडी सुटताना रंभा एवढंच म्हणाली, "कडी सोडू नगा, अवो."

बोट लांब ट्रेलरवरून कोकणात उतरली. बापूसाहेबांनी तिचं नाव ठेवलं होतं 'भीमाई'. खाडीत काही आठवडे सराव झाला आणि मग ते दोघंच लक्षद्वीपच्या दिशेने निघाले.

किनारा दिसेनासा झाला तेव्हा म्हाळूला ओकारी सुरू झाली. चारी बाजूंना पाणी, आणि ते स्थिर नाही. लाट मागून यायची, बोटीचं बूड उचलायची, खाली सोडायची. बाप म्हणाला होता तसंच, मागून. तो जिन्याच्या कडीला आकडा अडकवून बसून राहायचा. बापूसाहेब सुकाणूवर बसून जुनी गाणी गुणगुणायचे आणि मधूनच विचारायचे, "काय रे, अजून जिवंत?"

"हाय म्हणायचं."

पहिले दोन दिवस तो दिवा लावायला उठलाच नाही. बिछान्यात पडूनच बिरोबाला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पोट जरा बसलं. त्याने चहा केला, भात टाकला. नियम असा होता, की शेगडी विझली की मागे जाऊन पेटीतली टाकीही बंद करायची. मागे जायचं म्हणजे डेकवर यायचं, वाकायचं, पेटीचं झाकण उघडायचं आणि हे सगळं पाण्याकडे तोंड करून. सकाळी तो गेला तेव्हा त्या बुडाच्या भोकातून लाटेचं पाणी पिचकारीसारखं वर आलं आणि थेट त्याच्या तोंडावर उडालं. तो दचकून मागे सरकला, कठड्यावर आदळला. आकडा होता म्हणून वाचला. टाकीचं बूड गंजायला लागलेलंही त्याने बघितलं. मग फडक्याचा घट्ट बोळा करून, वर काचेला लावतात ती लांबी थापून, त्याने ते भोक बुजवून टाकलं. वर झाकण आहेच, पावसाचं पाणी कशाला आत जातंय?

आणि दुपारी भात झाल्यावर तो मागे गेलाच नाही. शेगडीचं बटण तेवढं बंद केलं. बोट जास्त हलत होती. थोड्या वेळाने जाऊ, असं मनात म्हणाला.

दुपार कलताना त्याला शेगडीपाशी बारीकसा वास आला. त्याने वरची झडप उघडली, पायरीवर उभं राहून छताशी नाक नेलं. खारा वारा, बाकी काही नाही. गेला, असं त्याला वाटलं. बापूसाहेबांना विचारून उपयोग नव्हता. तपकिरीने त्यांचं नाक कधीच मेलं होतं.

दिवेलागणीला वारा पडला. शिडं लुळी पडली, बोट जागच्या जागी डुलायला लागली. म्हाळूने खाली फळ्यांवर दगडोबाची घोंगडी अंथरली. समुद्राच्या दमटपणाने ती आधीच जड झाली होती. कोपऱ्यातल्या फळीवर बिरोबा ठेवला, भंडारा वाहिला, निरांजनात वात घातली. काडेपेटी डाव्या मुठीत घेतली. बऱ्याच दिवसांनी त्याला घरी असल्यासारखं वाटत होतं.

मग बापाने सांगितलं होतं तसं तो गुडघ्यांवर वाकला. घोंगडीची कड सरकवून त्याने फळीला कपाळ टेकवलं.

फळ्यांच्या फटीतून वास आला. बारीक नव्हे. जाड, थंड, नाकात बसणारा.

तो क्षणभर तसाच राहिला, डोकं खाली, मूठ आवळलेली. वरती नाही आणि इथे एवढा? त्याने नखांनी एक फळी उचलली. खाली बोटीचं पोट होतं. फळ्यांच्या खाली सगळ्यात खोलगट जागा, जिथे गळतीचं पाणी साचतं. तिथून वास असा आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेव्हा त्याला कळलं. हा गॅस वर जात नाही. हा पाण्यासारखा खाली उतरतो. पेटीच्या बुडाला भोक होतं ते यालाच बाहेर वाहून जायला. ते त्याने बंद केलं होतं. मग टाकीतून गळलेला गॅस पेटीत भरला, नळीच्या फटीतून आत आला आणि दुपारपासून त्यांच्या पायांखाली साचत राहिला. चारी बाजूंनी पोलाद. बाहेर जायला वाट नाही.

त्याच्या मुठीत काडेपेटी होती.

वरून बापूसाहेबांचा आवाज आला. "वारा गेला रे. इंजिन लावतो."

"न्हाई!" म्हाळू ओरडला. साहेबांवर तो जन्मात ओरडला नव्हता. "हात काढा! किल्लीवरचा हात काढा! खाली गॅस हाय!"

मग अगदी हळू आवाज आला, "किती?"

"पोट भरलंय."

"कुठलंही बटण लावू नकोस. लागलेलं बंदही करू नकोस. काहीच करू नकोस. वर ये."

"आधी टाकी बंद करा, साहेब. पेटीच्या बुडाचा बोळा काढा. म्या बसवलाय."

मागे झाकण उघडल्याचा आवाज आला. बापूसाहेबांनी एक कचकचीत शिवी दिली, मग पुटपुटत काहीतरी ओढायला लागले. म्हाळू जिन्याकडे निघाला आणि पहिल्या पायरीवरच थांबला.

पंप.

बोटीच्या पोटात पाणी उपसायचा विजेचा पंप होता, आपोआप चालणारा. पाणी वाढलं की एक फुगा वर उचलला जायचा, त्याची दांडी दोन पट्ट्यांना चिकटवायची, टक् असा आवाज यायचा आणि पंप सुरू व्हायचा. बापूसाहेबांनी सांगितलेल्या कारखान्यातल्या टाकीच्या धर्तीवर म्हाळूनेच तो बनवला होता. पट्ट्या उघड्या होत्या. अंधारात बघितलं तर टक् बरोबर निळी ठिणगी दिसायची. दिवसातून दोन-तीनदा तरी तो चालायचा. आज दुपारपासून त्याने तो ऐकला नव्हता.

म्हणजे आता वेळ झाली होती.

तो परत फिरला. का फिरला, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. पाय जिन्याकडे ओढत होते, त्याने त्यांना मागे वळवलं. पालथा पडून त्याने हात फळ्यांखाली घातला, चाचपला. गार पाणी, तेलकट. फुगा सापडला. तो अर्धा उचललेला होता. बोट डावीकडे कलली तसं पाणी इकडे धावलं आणि त्याच्या तळव्याखाली फुगा वर रेटायला लागला, जिवंत असल्यासारखा. म्हाळूने खांद्यापर्यंतचं सगळं वजन त्याच्यावर टाकलं.

"म्हाळू! वर ये म्हणतोय ना!"

"फुगा धरलाय! हाताचा पंप मारा, साहेब! आधी पानी काढा!"

सुकाणूपाशी हाताने हलवायचा एक दांड्याचा पंप होता. तो खस् खस् करायला लागला. खाली म्हाळूचा गाल फळीवर, नाक फटीवर. श्वास घेतला तर गॅस, नाही घेतला तर छाती फुटते. त्याने मान वळवून तोंड जितकं वर जाईल तितकं नेलं. बोट उजवीकडे कलली, पाणी गेलं. डावीकडे कलली, पाणी आलं, फुग्याने रेटलं. समोर बिरोबाची मूर्ती होती आणि पेटायची राहिलेली वात. त्याला रंभा दिसली. चुलीपुढे बसलेली, एका हाताने भाकरी उलटणारी. मग ती दिसेना. कडेने काळं यायला लागलं. बोटं बधिर झाली आणि फुगा हाताखाली आहे की नाही हेच कळेना.

घोंगडी त्याच्या छातीखालीच होती. त्याने दुसऱ्या हाताने ती ओढली, गोळा केली आणि फळीच्या तोंडातून फुग्यावर कोंबली. वरून गुडघा दाबला. दमट लोकर तिथे जाम बसली आणि पाणी पीत आणखी जड झाली. मग तो हातांवर सरपटत जिन्यापर्यंत आला. तिथे बापूसाहेबांनी त्याला पट्ट्याला धरून, पोत्यासारखं वर ओढून घेतलं.

वर हवा होती. तो किती वेळ नुसता श्वास घेत राहिला. मूठ अजून आवळलेली होती. बापूसाहेबांनी एकेक बोट सोडवून काडेपेटी काढली आणि समुद्रात भिरकावली.

"आता?" म्हाळूने विचारलं.

"आता पाण्यासारखा आलाय, तर पाण्यासारखाच काढायचा."

बापूसाहेब पंप मारत राहिले. आधी पाणी आलं, मग नुसताच फुसफुसाट. म्हाळू प्लास्टिकची बादली घेऊन खाली उतरायचा, दम कोंडून फळ्यांखाली ती बुडवायचा, अलगद वर आणायचा आणि कठड्यावरून समुद्रात ओतायचा. रिकामी बादली. आत काही दिसत नव्हतं, ओतताना आवाज येत नव्हता.

"काय ओतलंस?" बापूसाहेबांनी धापा टाकत विचारलं.

"मरण, साहेब."

"सांडू नको मग."

दोघं हसले. हसू लवकर थांबलं, कारण दिवस मावळला होता आणि बोटीवर एकही दिवा नव्हता. लावायची सोय नव्हती. आणि उत्तरेकडे दोन दिवे दिसत होते, एकावर एक, म्हणजे सरळ त्यांच्या दिशेने. मालवाहू जहाज. इंजिन नाही, वारा नाही, हलता येत नाही.

"हातातली बॅटरी कुठे आहे?"

"हितं, जिन्याच्या खिशात." म्हाळूने ती न पेटवता वर काढली.

"ती पार पुढच्या टोकाला जाऊन लावायची. गॅसपासून लांब. शिडावर उजेड पाड, म्हणजे त्यांना दिसेल." बापूसाहेबांनी पंपाचा दांडा सोडला नव्हता. "मी हे सोडलं तर खालचा गॅस तसाच राहील."

पुढचं टोक. तिथे म्हाळू चालत्या बोटीवर कधी गेला नव्हता. त्याने पट्ट्याचा आकडा पहिल्या कडीत अडकवला आणि रांगायला लागला. अंधारात हाताला कडी लागायची, आकडा पुढे सरकायचा. चार वर्षांपूर्वी ज्या ज्या ठिकाणी त्याच्या पोटात गोळा आला होता, ते एकेक ठिकाण आता हाताखालून जात होतं. खाली पाणी चुबकत होतं, दोन्ही बाजूंनी, हाताच्या अंतरावर. शेवटच्या कडीला त्याने आकडा लावला, पाय डोलकाठीच्या तारेत अडकवले आणि बटण दाबायच्या आधी डोळे मिटले.

काही झालं नाही. पांढरं शीड उजळलं.

जहाज येतच राहिलं. त्याच्या इंजिनाची घरघर म्हाळूच्या दातांत जाणवायला लागली. तो शिडावर उजेड पाडत राहिला आणि मोठमोठ्याने बिरोबाचं नाव घेत राहिला. मग एकावर एक असलेले ते दोन दिवे हळूहळू बाजूबाजूला सरकले. जहाज वळत होतं. त्याची काळी भिंत बाजूने निघून गेली आणि मागून त्याची लाट आली. बोट एवढी कलली की म्हाळूचा हात कोपरापर्यंत समुद्रात गेला. आकडा ताणला, कडी धरून राहिली.

रात्रभर ते आळीपाळीने उपसत राहिले. तांबडं फुटल्यावर म्हाळू खाली गेला, पालथा पडला आणि एकेका फळीशी नाक नेऊन हुंगत पूर्ण बोटभर सरपटला. नुसतं तेल आणि ओली लोकर.

"भोक कशाला, ते मी तुला सांगायला पाहिजे होतं," बापूसाहेब म्हणाले. ते त्याच्याकडे न बघता समुद्राकडे बघत होते.

"म्या इचारायला पायजे व्हतं."

"परत फिरायचं?"

म्हाळूने विचार केला. "परतीला पन पानीच हाय, साहेब. जाऊ पुढं. पन चहा उद्या."

त्यानंतर तो 'भीमाई'वर आणखी तीन हिवाळे राहिला. भीती गेली नाही. बापूसाहेबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी बोट विकली आणि म्हाळू कायमचा वडगावला परत आला. तोवर शिरूर-दौंडकडे घरोघरी गॅसच्या टाक्या येत होत्या. म्हाळू शेगड्या बसवून द्यायला लागला. शेगडी बसवायची, नळी जोडायची, उंबऱ्यापाशी खाली एक जाळी ठेवायला लावायची आणि ती का, हे घरातल्या बाईला, सासूला, शाळेतून आलेल्या पोरीला, सगळ्यांना बसवून सांगायचं. ऐकेपर्यंत उठायचं नाही.

आणि पहिली काडी ओढायच्या आधी तो ओट्याखाली पालथा पडायचा, फरशीला कपाळ टेकवायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. दौंडच्या एका घरी मालनबाई नावाची म्हातारी म्हणाली, "आरं बाबा, आमचा देव तिकडं हाय, भिंतीला."

"असू द्या, आजी," म्हाळू खालूनच म्हणाला. "जरा थांबा."

फरशी गार होती. वास नव्हता. तरी तो उठला नाही. डोळे मिटून, हातातली काडेपेटी घट्ट धरून, आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिला.